खोगीर महाग नको, मापाचं हवं

संपादक साहेब, नमस्कार.

२०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या टीमनं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तीत चाली करून घ्यायच्या खेळाचं, गोल्ड मारलं, तेव्हापासून आमची पोरगी पण घोड्यावर, आणि सॅडल घ्यायची म्हटलं की जो तो इंपोर्टेडच सांगतो. अहो, कानपूरची साधी पण चालते, फक्त आधी घोड्याच्या पाठीवर ठेवून बघा ना! मानेमागच्या उंचवट्यावर २-३ बोटं जागा सुटली पाहिजे, मणक्याला कुठं टेकायला नको आणि मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या मागे जायला नको. आम्ही फोटो बघून घेतली, घोडा पाठ चोरायला लागला, पोरीचे पाय लांब, सॅडलचा फ्लॅप (पायाखाली येणारी बाजूची चामड्याची पट्टी) आखूड. घोडबंदरला राहून ही अक्कल! शेवटी सेकंडहँडच मस्त बसली.

– एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे