सेल्फी झाला, आता प्रोफेशन टॅक्सचा (पीटी) हिशोब मागू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

17 ऑक्टोबरला आमच्या ऑफिसात जागतिक दारिद्र्य निर्मूलन दिन 'साजरा' झाला (मेलमध्ये हाच शब्द होता, माझा नाही). 11 वाजता सगळे पॅन्ट्रीजवळ जमलो, एक मिनिट उभे राहिलो, शपथ वाचली, ग्रुप सेल्फी काढला आणि सव्वाअकराच्या कॉलला परत आपापल्या जागेवर. मी पण आहे त्या फोटोत, चांगला हसतोय, त्यामुळे कोणाला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये.

पण रात्री सहज शोधायला बसलो तर कळलं की असं उभं राहणं जुनंच आहे. 2009 च्या ऑक्टोबरात जगभरात 17 कोटींपेक्षा जास्त लोक गरिबीविरुद्ध उभे राहिले होते, गिनीजमध्ये रेकॉर्ड झाला. 17 कोटी! आणि आज कोणाच्या लक्षातही नाही. आता दुसरी गोष्ट बघा, 16 मे 1998, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, तिथे जी-8 ची, म्हणजे आठ बड्या देशांच्या पुढाऱ्यांची परिषद चालू होती आणि साधारण 70 हजार माणसं हात धरून साखळी करून उभी राहिली. यांची मागणी एकच, गरीब देशांची न फिटणारी कर्जं माफ करा. पुढारी मंडळी त्या दिवशी शहराबाहेर एका मोठ्या हवेलीत जाऊन बसली होती, तरी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअरना परत येऊन या लोकांना भेटावं लागलं. चर्चमधल्या आज्या, कॉलेजची पोरं, युनियनवाले असले सगळे लोक होते, नुसते एक दिवस आले आणि गेले असं नाही, जगभरातून 2 कोटी 40 लाख सह्या गोळा केल्या. पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत कर्जमाफी वाढवायचं कबूल झालं, 2005 मध्ये अजून मोठी माफी मिळाली. टांझानियाने 2001 ला प्राथमिक शाळेची फी काढून टाकली, झांबियाने 2006 ला खेड्यातल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद केली, त्याला या वाचलेल्या पैशाचा हातभार होता. सगळं गोड झालं असंही नाही, झांबियावर परत कर्ज चढलं आणि 2020 मध्ये हप्ते थकले.

खरं तर आपल्याला हे कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. 1875 च्या मे महिन्यात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं ओढून काढली आणि जाळली, चार वर्षांत इंग्रजांना दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. जाळपोळ करा असं म्हणत नाहीये हां, पण कुठला कागद आपल्या गळ्याशी आलाय हे त्यांना नीट माहीत होतं. आमच्या शपथेत असा कुठलाच कागद नव्हता, "मी गरिबीविरुद्ध उभा आहे" एवढंच, म्हणजे उद्या मी नक्की काय करू आणि कोणाला जाब विचारू?

तर कागद सापडला, माझ्याच सॅलरी स्लिपमध्ये. पी.टी. म्हणजे प्रोफेशन टॅक्स, महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. इतकी वर्षं कापला जातोय आणि मला वाटायचं असेल काहीतरी महापालिकेचं. हा प्रोफेशन टॅक्स 1975 च्या कायद्याने लागला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला! बाहत्तरच्या दुष्काळात माझी आजी नगर जिल्ह्यात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, सुकडी आणि मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीच्या गोष्टी आम्ही लहानपणी कंटाळा येईपर्यंत ऐकल्यात. तेव्हा राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती आणि ती गप्प बसून खडी फोडत नव्हती, कामासाठी, मजुरीसाठी मोर्चे निघत होते, संप होत होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच तासगाव तालुक्यात प्रयोग करून बघितला होता, त्यामुळे योजना तयार होती आणि खालून रेटा पण होता, म्हणून 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि पैसे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून. पुढे 2005 ला देशभर असा कायदा झाला त्याच्या मागे हाच अनुभव होता. म्हणजे गरिबी हटवायच्या कामात मी दर महिन्याला सामील आहे आणि मलाच पत्ता नाही, याला काय म्हणायचं.

मी दुसऱ्या दिवशी जेवताना हे सांगितलं तर एक जण म्हणाला अरे मग तो पैसा जातो कुठे, रोजगार हमीवर जातो का दुसरीकडेच वळतो? मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आता सेल्फीतल्या 40 जणांपैकी 6 जण तयार झालेत (बाकीचे "बघू" म्हणाले, अप्रेझल जवळ आलंय), आम्ही सगळे 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून मंत्रालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकणार आहोत, की गेल्या 5 वर्षांत पी.टी. किती जमला आणि त्यातला रोजगार हमीवर किती गेला.

आपल्याला विनंती एवढीच की तुमचा बातमीदार हे आकडे आमच्यापेक्षा लवकर काढू शकतो, तर ते तालुक्यानुसार छापा, शक्यतो मार्चच्या आत, कारण उन्हाळ्यात कामाची मागणी वाढते आणि हजेरीपट तेव्हाच भरतात. उत्तर आलं की आम्ही पण तुम्हाला पाठवतो.

आपला एक वाचक,
पुणे