प्रायमरीत मत देण्याआधी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

मत कोणाला द्यावं, असं तू विचारलंस. नाव मी सुचवणार नाही. पण त्याच्या आधीचे दोन प्रश्न तू विचारलेच नाहीस: मत द्यायचं कुठून आणि कधी? नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत हे दोन्ही आपोआप ठरलेलं असतं. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, मात्र निम्मा खेळ त्यातच असतो.

तुझं घर न्यू जर्सीत एडिसनला, शिक्षण मिशिगनमध्ये ॲन आर्बरला. विद्यार्थ्यांना दोन्हीपैकी कुठेही नाव नोंदवता येतं, फक्त एका वेळी एकाच ठिकाणी. न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये येते. २०२४ साली ती ४ जूनला झाली, आणि बायडेन नि ट्रम्प या दोघांनीही आपापल्या पक्षातलं डेलिगेटांचं, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींचं, बहुमत १२ मार्चलाच गाठलं होतं. वऱ्हाड जेवून गेल्यावर पानं मांडल्यासारखं ते. मिशिगनच्या कायद्यात प्रायमरीचा दिवस फेब्रुवारीचा चौथा मंगळवार आहे. तेव्हा शर्यतीत माणसं शिल्लक असतात. शिवाय नाव तिथे असलं की नोव्हेंबरचं मतही तिथलंच, आणि २०१६ ला मिशिगनचा निकाल अवघ्या १०,७०४ मतांनी लागला होता. तोटा एकच, एडिसनचा महापौर आणि स्कूल बोर्ड निवडताना तुझं मत उरणार नाही. मला विचारशील तर मिशिगन घे.

तिथे मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत नोंदणी टपालानेही होते. त्यानंतर शहराच्या क्लार्ककडे, म्हणजे निवडणुकीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, स्वतः जावं लागतं, राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन, अगदी मतदानाच्या रात्री ८ पर्यंत. डॉर्मचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल, काहीही चालतं, मोबाइलवर दाखवलं तरी. २०२२ पासून निवडणुकीच्या दिवसांत क्लार्कचं एक ऑफिस विद्यापीठाच्या कला संग्रहालयात थाटतात. पण शेवटच्या दिवसावर टाकू नकोस. त्या वर्षी नोव्हेंबरात रात्री ८ ला रांगेत असलेल्या मुलामुलींचा नंबर लागेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती.

मिशिगनमध्ये मतदार अमुक पक्षाचा अशी नोंद नसते. त्या दिवशी डेमोक्रॅटिक हवी की रिपब्लिकन, ते लेखी सांगून एकच मतपत्रिका घ्यायची. तुझं मत गुप्त राहतं, पण कोणत्या पक्षाची मतपत्रिका मागितलीस हे गुप्त राहत नाही. ती यादी पक्षांना मिळते आणि मग फोन सुरू होतात. हे नियम राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीत एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर ५५ दिवस आधी अर्ज लागतो, पक्ष न निवडलेल्याला मात्र त्याच दिवशी निवडता येतो. कॅलिफोर्नियात वेगळीच गंमत. 'अमेरिकन इंडिपेंडंट' नावाचा तिथे खराखुरा पक्ष आहे. आपण कुठल्याच पक्षाचे नाही, असं सांगायला कित्येक जण त्या चौकोनात खूण करतात, आणि प्रायमरीत भलत्याच पक्षाची मतपत्रिका हातात पडते. तुझ्या तिकडच्या मावसभावाला एकदा आपली नोंद उघडून बघायला सांग.

आता डेलिगेटांचा हिशेब. तो कळला नाही तर बातम्यांतल्या टक्क्यांना काही अर्थ नाही. प्रायमरीत तुझं मत उमेदवाराच्या नावापुढे पडलं तरी मिळतात ते पक्षाच्या अधिवेशनात बसणारे डेलिगेट. डेमोक्रॅटिक पक्षात ते मतांच्या प्रमाणात वाटतात, पण १५ टक्क्यांची चाळणी आहे, आणि ती दोनदा लागते: एकदा सबंध राज्याला, एकदा तुझ्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघाला. समज, मतदारसंघात ६ डेलिगेट आहेत आणि चौघांना ४६, २४, १६ नि १४ टक्के मतं पडली. चौदावाला बाद. उरलेल्या ८६ टक्क्यांना शंभर धरून वाटणी केली की ३, २ आणि १ अशी होते. चौथ्याला मत देणाऱ्यांचं मत कोणाकडेच जात नाही. २०२० ला अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटांनी पसंतीक्रम लावून मतदान घेतलं, तिथे बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीला जात होती. मिशिगनमध्ये ती सोय नाही.

यात आणखी एक मेख आहे. मतदारसंघात ४ डेलिगेट असले की ६०-४० ने जिंकूनही वाटणी २-२ होते. तिसरा मिळवायला साडेबासष्ट टक्के ओलांडावे लागतात. तेच ५ असले की एक मत जास्त पडलं तरी ३-२. म्हणून कुठे राबायचं हे प्रचारवाले मतदारांची संख्या बघून ठरवत नाहीत, फरक कुठे पडेल ते बघतात. ५ फेब्रुवारी २००८ ला हिलरी क्लिंटन यांनी आपलं एवढं मोठं न्यू जर्सी जिंकलं आणि ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ डेलिगेटांची आघाडी घेतली. त्याच दिवशी ओबामांनी चिमुकल्या आयडाहोत १५ विरुद्ध ३ केले. आघाडी १२ ची! टीव्हीवर नकाशा रंगवतात त्यात हे दिसत नाही.

रिपब्लिकन पक्षात नियम राज्यं ठरवतात. काही ठिकाणी प्रमाणात वाटणी, काही ठिकाणी पहिला येणारा सगळं उचलतो. २०१६ ला साउथ कॅरोलायनात ट्रम्पना साडेबत्तीस टक्के मतं होती आणि ५० च्या ५० डेलिगेट त्यांनाच गेले. त्यांचे प्रतिस्पर्धी रुबिओ आणि क्रूझ साडेबावीसच्या आसपास अडकले. दोघांच्या मतांची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त, हातात शून्य. म्हणून रिपब्लिकन मतपत्रिका घेणार असलीस तर गर्दीतला कोण खरोखर टिकेल, याचा विचार जरा अधिक करावा लागतो.

आणि समोरचं कोणीच नको असेल तर मिशिगनच्या मतपत्रिकेवर 'अनकमिटेड' असाही एक चौकोन असतो. २०२४ ला गाझाच्या प्रश्नावर बायडेनना इशारा म्हणून एक लाखाहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांनी तो भरला. राज्यभर ते सुमारे १३ टक्के भरले, म्हणजे चाळणीखाली. पण दोन मतदारसंघांत १५ च्या वर गेले आणि दोन डेलिगेट मिळाले. त्यातला एक मतदारसंघ डिअरबॉर्नचा, दुसरा ॲन आर्बरचा. तू जिथे राहतेस, तिथे मताला किती वजन पडतं ते यावरून बघ.

मुद्द्यांकडे येते. एकाच पक्षाचे उमेदवार दहातल्या नऊ गोष्टी सारख्याच बोलतात, त्यामुळे कोणाची भूमिका काय, याचे तक्ते वाचून फार हाती लागत नाही. त्यापेक्षा वहीचं पान घे आणि तीन रकाने पाड: अध्यक्षाच्या सहीने होणारं, नियम बदलून होणारं, आणि काँग्रेसशिवाय न होणारं. आपल्या घरातली उदाहरणंच घे. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले ते अध्यक्षाच्या एका घोषणेने; पहिला रकाना. एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो तो २०१५ च्या नियमाने. दुसरा रकाना, काढायचा तर सूचना, हरकती, मग कोर्ट, अशी दोनेक वर्षं जातात. आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतली एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा कायद्यातच आहे, तिसरा रकाना. ती उठवण्याचं बिल जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, हाऊसमध्ये, ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं. डिसेंबर २०२० मध्ये वरच्या सभागृहाने, सिनेटने, पास केलं ते वेगळ्याच रूपात. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि ते तिथेच मेलं. तेव्हा "मी आलो की रांग संपवतो" असं कोणी म्हणालं की सिनेटमधली अडवणूक मोडायला लागणारी ६० मतं कुठून आणणार, एवढंच विचार.

तुझ्या मैत्रिणींच्या शैक्षणिक कर्जाचंही तसंच झालं. २०२२ ला बायडेननी दहा ते वीस हजार डॉलर माफ करायची योजना पहिल्या रकान्यातली समजून जाहीर केली. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६-३ ने ती तिसऱ्या रकान्यात ढकलली.

दुसरी कसोटी पैशाची. योजनेचा आकडा आहे का, आणि तो कोण भरणार? डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या एलिझाबेथ वॉरन यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यविम्याचा दहा वर्षांचा आकडा मांडला: साडेवीस लाख कोटी डॉलरचा नवा खर्च, आणि तो कुठून काढायचा त्याची यादी. लोकांनी त्या यादीची चिरफाड केली, आकडा न देणाऱ्यांना मात्र कोणी फारसं छळलं नाही. माझ्या मते गुण आकडा देणाऱ्याला द्यावेत, आकडा पटला नाही तरी.

तिसरी, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी: आधी काय करणार? नव्या अध्यक्षाकडे एक मोठं काम रेटण्याइतकंच बळ असतं, फार तर दोन. ओबामांनी ते आरोग्यविम्यावर खर्च केलं, २३ मार्च २०१० ला सही झाली. इमिग्रेशनचा कायदा मागे राहिला तो राहिलाच. भाषणात सगळंच 'पहिल्या दिवशी' असतं. एखादी गोष्ट खरंच पहिली आहे का, ते त्या माणसाने सिनेटर किंवा गव्हर्नर असताना कोणत्या बिलासाठी स्वतःच्या पक्षाशी भांडण घेतलं, यावरून कळतं. काँग्रेसच्या वेबसाइटवर कोणी कोणतं बिल मांडलं ते नावाने सापडतं, अर्धा तास पुरतो. तुझे तीन मुद्दे आणि त्यांना दहापैकी किती गुण, हे डिबेट ऐकायच्या आधी लिहून ठेव. नंतर लिहिलेस तर जो छान बोलला त्याच्या बाजूने वजनं सरकतात.

निवडणुकीच्या आदल्या वर्षाचे उमेदवारांच्या पैशाचे अहवाल फेडरल इलेक्शन कमिशनकडे साधारण १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीला येतात. किती जमवले हा मथळा सोड. हातात किती उरले आणि तिमाहीत किती उडवले, हे दोन आकडे बघ. कमला हॅरिस पहिलं मत पडण्याच्या दोन महिने आधी, ३ डिसेंबर २०१९ ला बाहेर पडल्या त्या निधी आटल्यामुळे. उलट २०१६ च्या रिपब्लिकन शर्यतीतल्या जेब बुश यांच्या पाठीशी असलेल्या सुपर पॅकने (बाहेरून हवा तेवढा पैसा जमवून प्रचार करणाऱ्या गटाने) १० कोटी डॉलरच्या वर जमवले होते आणि त्यांच्या वाट्याला आले ४ डेलिगेट.

पोलवर, म्हणजे जनमत चाचण्यांवर, फार भिस्त नको. चारशे लोकांच्या पोलमध्ये प्रत्येक आकड्याला पाच टक्के इकडेतिकडे धरायचे, आणि दोन उमेदवारांमधल्या फरकाला त्याच्या दुपटीच्या जवळपास. २०१६ ला मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या पोलमध्ये क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या. जिंकले सँडर्स.

मंडळाच्या व्हॉट्सॲपवर 'आपला माणूस' सुरू होईलच. जिंदल, हॅरिस, हेली, रामस्वामी, अध्यक्षपदासाठी उतरलेल्या भारतीय वंशाच्या या चौघांचे मुद्दे शेजारी मांड, एकमेकांशी जुळणारं फार थोडं सापडेल. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ ला डेट्रॉइटमधून काँग्रेसवर गेले, तेव्हा त्यांनी प्रायमरी सुमारे २८ टक्के मतांवर जिंकली होती, कारण बाकीची मतं पुष्कळ जणांत वाटली गेली. अभिमान वाटायला हरकत नाही, पण गर्दीच्या प्रायमरीचं गणित त्यातूनही शिकून घे.

आता मत कधी द्यायचं. २९ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलायनात बायडेन जिंकले. दुसऱ्या दिवशी बुटिजेज बाहेर, तिसऱ्या दिवशी क्लोबुशार, चौथ्या दिवशी १४ राज्यांचं मतदान. ज्यांनी आधीच टपालाने या दोघांना मत पाठवलं होतं ते हात चोळत बसले, कारण छापलेलं नाव मतपत्रिकेवरून निघत नाही. मिशिगनमध्ये पाठवलेली मतपत्रिका लेखी अर्ज करून रद्द करता येते आणि नवी मिळते, पण मतदानाच्या आधीच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंतच. नेमका शेवटच्या आठवड्यातला गोंधळ त्या मुदतीत बसत नाही. म्हणून घरी मतपत्रिका आली तरी भरून ठेवू नकोस. केंद्रावरचं आगाऊ मतदान प्रायमरीच्या आधीच्या रविवारपर्यंत चालतं. परीक्षा नसेल तर थेट मंगळवारीच जा.

जाताना ग्रीन कार्डवरच्या रूममेटला हौसेने सोबत नेऊन फॉर्म भरायला लावू नकोस. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवलं, अगदी चुकून, तरी पुढे नागरिकत्व अडकतं, देशाबाहेर जायची पाळी येऊ शकते. तिला उमेदवाराला देणगी देता येते. एच-वन-बीवरच्या तुझ्या काकाला तीही देता येत नाही, आणि त्याचे पैसे तुझ्या नावावर देणं हा तर गुन्हाच.

रविवारी फोन करशील तेव्हा दुसऱ्या पसंतीचं नाव ठरवून ठेव आणि मला सांग. पहिलीचं नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई