कुत्र्यासाठी कूपे मिळणार की नाही, हे तिकीट काढतानाच कळू द्या

मा. श्री. अश्विनी वैष्णव
केंद्रीय रेल्वेमंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

गणपतीत आणि मे महिन्यात मुंबई-ठाण्यातली कोकणी माणसं घराला कुलूप लावून गावी निघतात. हल्ली त्यातल्या अनेक घरांत कुत्रा असतो, आणि त्याचं काय करायचं याची चिंता तिकिटाच्या चिंतेइतकीच मोठी असते. शेजाऱ्यांकडे ठेवावा तर शेजारीही गावी निघालेले. पैसे देऊन ठेवण्याची सोय सर्वांना झेपत नाही. आमच्या घरातली कुत्री आता म्हातारी आहे, तिला रोज औषध लागतं. तिला मागे ठेवून गावी जाणं आम्हाला जमणार नाही.

रेल्वेने कुत्र्याला दार बंद केलेलं नाही, याबद्दल मनापासून आभार. दोन मार्ग आहेत. वातानुकूलित प्रथम वर्गात दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्याकडे असेल, तर कुत्रा सोबत नेता येतो. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स, म्हणजे कुत्रा ठेवायची बंद पेटी. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत कुत्र्याला परवानगी नाही. त्यामुळे मुंबई-मडगाव जनशताब्दी, तेजस आणि 2023 साली सुरू झालेली वंदे भारत या दिवसाच्या सोयीच्या गाड्या आमच्यासाठी नसल्यासारख्याच.

राहिला कूपे. प्रथम वर्गाचं तिकीट काढलं, पैसे भरले, तरी कूपे मिळाला की केबिनमधले दोन बर्थ, हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. त्याआधी रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे कूपेसाठी अर्ज द्यायचा आणि वाट बघायची. दरम्यान डॉक्टरांकडून कुत्रा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला आणायचा, लसीकरणाची पुस्तिका शोधून ठेवायची आणि कुत्र्याच्या बुकिंगसाठी पार्सल ऑफिसात वेळेवर पोहोचायचं. एवढं करून चार्टवर केबिन आली, आणि समोरच्या दोन बर्थवर अनोळखी माणसं असली, की सगळी तयारी वाया. ऐन गणपतीत त्या घडीला दुसरी सोय कुठून करणार? ज्यांना परवडतं ते मग मोटारीने जातात. बाकीच्यांचा गणपतीला जायचा बेतच मोडतो.

डॉग बॉक्सविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण ज्याने कुत्रा पाळला नाही त्याला त्यातली अडचण चटकन दिसणार नाही. कुत्र्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी नियमाने मालकावर आहे. ते रास्तच आहे. पण बावीस डब्यांची गाडी अर्धा किलोमीटर लांब असते. मालक मधल्या डब्यात, कुत्रा शेवटच्या. कोकण रेल्वेच्या बहुतेक स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरून धावत जाऊन पाणी पाजायचं आणि परत आपला डबा गाठायचा, हे तरण्या माणसालाही धोक्याचं आहे. उतरायच्या स्थानकावर तर सामान, लहान मुलं आणि म्हातारी माणसं उतरवून मग कुत्रा सोडवायचा असतो. सगळं गाडी हलायच्या आत.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो. भोवतालची हवाच तापलेली आणि कोंडलेली असेल तर धापा टाकूनही उपयोग होत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर श्वासाचा त्रास मुळातच असतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या डब्यातल्या बंद पेटीत त्यांना तासन्‌तास ठेवणं जिवावर बेतू शकतं. आणि काही बरंवाईट झालंच, तर जास्त किंमत आधी जाहीर करून वेगळं शुल्क भरलेलं नसल्यास, 1990 च्या नियमांप्रमाणे रेल्वेचं दायित्व एका कुत्र्यामागे 120 रुपयांपुरतं. हा आकडा वाचल्यावर डॉग बॉक्सची पावती फाडायला हात धजत नाही.

माझी मुख्य मागणी एकच आहे. प्रथम वर्ग असलेल्या प्रत्येक गाडीत एक कूपे कुत्रा किंवा मांजर घेऊन जाणाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि तो तिकीट काढतानाच नक्की करून द्या. दोन बर्थचं पूर्ण भाडं घ्या, कुत्र्याचं वेगळं घ्या, वर साफसफाईची अनामत घ्या. आम्ही सवलत मागत नाही. चार्ट लागायच्या काही तास आधीपर्यंत कोणी घेतला नाही, तर तो इतर प्रवाशांना द्या; रेल्वेचं नुकसान होणार नाही.

डॉग बॉक्स ठेवायचाच असेल, तर त्याचं किमान माप, हवा खेळती राहण्याची सोय आणि पाण्याचं भांडं ठरवून द्या. कडक उन्हाळ्यात दिवसाच्या गाड्यांत तो वापरू नये, असा नियम करा. मालकाला गार्डच्या डब्याजवळचाच बर्थ मिळाला, तर निम्मी धावपळ वाचेल.

चेअर कारमध्येही कुत्रा नेऊ द्या म्हटलं, तर सहप्रवाशांच्या हरकती असतील, हे मला ठाऊक आहे. कुणाला कुत्र्याची भीती वाटते, कुणाला केसांची ॲलर्जी असते. त्यांचा हक्क आमच्याइतकाच आहे. म्हणून मोठ्या कुत्र्यांसाठी मी आग्रह धरत नाही. पण बंद पिशवीत मावणारं लहान कुत्रं एखाद्या ठरावीक डब्यात नेता यावं. अकासा एअरने नोव्हेंबर 2022 पासून लहान पाळीव प्राणी विमानाच्या केबिनमध्ये न्यायला सुरुवात केली. जर्मनीत मोठा कुत्राही पट्टा आणि मुसकं बांधून, मुलाच्या दराचं तिकीट काढून रेल्वेत बसतो. विमानात जे चालतं, त्याची चाचणी आपल्या एका गाडीत, एका डब्यात घेऊन बघायला काय हरकत आहे?

कोकणकन्या एक्सप्रेसपासून सुरुवात करा, ही विनंती. गणपतीचं आरक्षण सुरू होण्याआधी कूपेचा निर्णय झाला, तर येत्या हंगामापासूनच तो लागू करता येईल.

आपला,
कोकणात जाणारा एक प्रवासी