प्रत्येक मुलामागे एक कणीस

ओकलंड, कॅलिफोर्निया (अमेरिका), 2 जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम जय भीम.

तुझे पत्र मिळाले. वर्गात रंगावरून आणि आडनावावरून टोमणे ऐकून आपली लेक शाळेत जायला नको म्हणते, हे वाचून जीव कळवळला. तिला धीर कसा द्यावा, असे तू विचारले आहेस. माझ्या इथल्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या घरांत हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे, म्हणून त्यांच्याकडे जे पाहिले तेच कळवतो.

1940 च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांपुढे रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालात या संशोधनाचा उल्लेख आहे. मला मात्र त्या मुलांचे वय अस्वस्थ करते: तीन ते सात वर्षे. जगाचा निवाडा इतक्या लवकर कानांवर पडत असेल, तर घराने आणि वस्तीने त्याच्याही आधी मुलांशी बोलायला हवे.

शेजारच्या आजी दर रविवारी नातीला पुढ्यात बसवून, तिच्या कुरळ्या केसांना तेल लावून, टाळूलगत बारीक वेण्या घालतात. दोन-तीन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात युद्धकाळात लुइझियानाहून इथल्या जहाजबांधणीच्या कामावर आलेल्या पणजोबांची गोष्ट सांगून होते. अशाच वेण्यांवरून मुलांना शाळेतून घरी पाठवल्याचे प्रकार घडले आहेत. त्याला मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने, देशात सर्वप्रथम, 2019 साली केला. आपले केस सुंदर आहेत हे त्या नातीला आजींच्या बोटांनी केव्हाच सांगितले आहे.

याच शहरात जानेवारी 1969 मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने एका चर्चमध्ये मुलांना शाळेपूर्वी मोफत न्याहारी देण्यास सुरुवात केली, आणि पुढे 1982 पर्यंत स्वतःची शाळा चालवली, जिथे शिस्त मोडणाऱ्या मुलाची सुनावणी मुलांचेच मंडळ करीत असे. 1972 साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली ती यांच्यापासून प्रेरणा घेऊन. पण या न्याहारीची गोष्ट आपल्याला लहानपणी कुणी सांगितली नाही, याची मला फार हळहळ वाटते.

1966 पासून इथे 26 डिसेंबर ते 1 जानेवारी क्वान्झा हा कृष्णवर्णीयांचा सण साजरा होतो; त्याच्या प्रत्येक दिवसाचे एक तत्त्व असते. यंदा दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकेने मला घरी बोलावले. मधोमध काळी मेणबत्ती, बाजूंना तीन लाल आणि तीन हिरव्या. त्या दिवसाचे तत्त्व 'कुजिचागुलिया', म्हणजे आपले नाव आणि आपली ओळख आपणच ठरवणे. 'हबारी गानी?' (स्वाहिलीत 'काय खबर?') असे विचारले की त्या दिवसाचे तत्त्व उत्तरादाखल सांगायचे असते; आजींच्या त्याच नातीने ताठ उभे राहून ते उच्चारले, आणि पेल्यातून पाणी ओतत थोरांनी पूर्वजांची नावे घेतली तेव्हा तिने खणखणीत आवाजात पणजोबांचे नाव घेतले. मला 14 एप्रिलचे आपले समाजमंदिर आठवले: पाय लटपटत असताना आपण केलेली भाषणे, आणि समोर टाळ्या वाजवणारी सगळी वस्ती.

चटईवर मक्याची कणसे मांडतात, घरातल्या प्रत्येक मुलामागे एक. बाईंना मूलबाळ नाही, तरी कणसे होती. मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वस्तीत मुले आहेत ना."

येत्या जयंतीला लेकीचे नाव भाषणासाठी दे. मी रजा टाकली आहे. पुढच्या रांगेत माझी जागा धर.

तुझाच मित्र