‘कुजवलेलं, थेट कुंडीत वापरा’ म्हणून विकलेल्या कच्च्या कॉफी चोथ्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
उत्पादन आणि ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या कॉफी खताच्या 5 किलोच्या पिशवीबाबत आणि त्यावर मला मिळालेल्या उत्तरांबाबत

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. ठेवला म्हणजे पलीकडून ठेवला गेला. म्हणून आता लिहून देते. लिहिलेलं होल्डवर टाकता येत नाही.

पिशवीवर काय छापलंय हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच छापलंय. तरी तुमच्या फोनवरच्या मंडळींनी ते वाचलेलं दिसत नाही, म्हणून उतरवून देते : ‘पूर्ण कुजवलेलं’, ‘आम्लधर्मी, मोगरा-गुलाबासाठी उत्तम’, ‘बी पेरताना मातीत निम्मं मिसळा’, ‘कुंडीत 2 इंचांचा थर द्या’. ही चारही वाक्यं चुकीची आहेत. एक धड असतं तरी मी एवढं लांबलचक लिहायला बसले नसते.

कुजवलेल्या खताला ओल्या मातीचा वास येतो. तुमची पिशवी फोडली तेव्हा अख्ख्या गच्चीवर कॉफीचा घमघमाट सुटला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी वर येऊन विचारलं, कोण पाहुणे आलेत. हा कॉफी गाळून उरलेला चोथा आहे. वाळवलाय, पिशवीत भरलाय आणि वर हिरवं पान छापलंय. चोथा विकण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चोथा म्हणून विका.

आमच्या घरी फिल्टर कॉफी होते. तिचा चोथा मी कंपोस्टच्या डब्यात वाळक्या पानांबरोबर मूठमूठ टाकते. एकूण ढिगाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देत नाही. काही महिन्यांनी तो ओळखूही येत नाही, मग कुंडीत जातो. त्याचं कधी काही बिघडलं नाही. पण मोगऱ्याची छाटणी झाली होती, घरचं कंपोस्ट पुरेसं तयार नव्हतं आणि तुम्ही ‘पूर्ण कुजवलेलं’ लिहून ठेवलं होतं. 799 रुपये त्या दोन शब्दांचे दिलेत.

मोगऱ्याच्या मोठ्या कुंडीत तुमच्या सांगण्याप्रमाणे 2 इंचांचा थर दिला. आठवडाभरात त्याचा वाळून पापड झाला. चोथ्याचे कण इतके बारीक असतात की ते एकमेकांना घट्ट बसतात आणि वाळले की पाणी आत शिरू देत नाहीत. वरून घातलेलं पाणी थरावर मोत्यासारखं गोळा होऊन उभं राहायचं, मग कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरायचं. ताटली भरलेली, म्हणजे झाडाला पाणी पोचलं असं कोणालाही वाटेल. खुरप्याने थर उचकटला तर खाली माती कोरडी ठणठणीत. सांगलीच्या उन्हात. थराच्या खालच्या बाजूला पांढरी-हिरवी बुरशी आणि बोटभर खाली मुळांशी फुफाटा. ज्या दिवसांत मोगऱ्याला कळ्या धरायला हव्यात, त्या दिवसांत त्याने पानं टाकली.

कोथिंबिरीचं तर विचारूच नका. क्रेटमध्ये निम्मी माती, निम्मं तुमचं खत. शेजारच्या क्रेटमध्ये त्याच पुडीतले धणे नुसत्या माती-शेणखतात पेरले होते, ते वितीएवढे झाले. तुमच्या क्रेटमध्ये चार काड्या आल्या, त्याही पिवळ्या. कारण तुमच्या उत्पादन विभागाला ठाऊक असणारच : गाळल्यानंतरही चोथ्यात कॅफिन उरतं आणि ते बियांची उगवण मारतं. कॉफीचं झाड आपल्याभोवती दुसरं काही उगवू नये म्हणून जे करतं, ते तुम्ही पिशवीत भरून लोकांना बी पेरताना मिसळायला सांगताय.

पिवळेपणाचंही तेच. चोथ्यात नत्र साधारण 2 टक्के असतं, पण ते झाडाला लगेच मिळत नाही. आधी जिवाणूंनी चोथा कुजवायला लागतो आणि तो कुजवताना ते जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात. म्हणून तर आधी कुजवायचं असतं. पिशवीवर तुम्हीच लिहिलंय की कुजवलंय!

राहिलं ‘आम्लधर्मी’. आमची कृष्णाकाठची काळी माती मुळात अल्कधर्मी, सामू (म्हणजे pH) आठच्या आसपास. नदीकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्यात, त्यामुळे सामू हा शब्द इथे सगळ्यांना कळतो. म्हणून तर आम्लधर्मी वाचून मी पिशवी घेतली. कॉफीतली आम्लं बरीचशी गाळताना पाण्याबरोबर कपात उतरतात आणि उरलेला चोथा जवळपास उदासीन असतो. तुमचं खत पाण्यात कालवून पट्टी बुडवली, सामू साडेसहा ते सातच्या मधे. यात आम्लधर्मी ती कॉफी, जी कोणीतरी आधीच पिऊन टाकलीय.

आता मुद्द्याचं. खत वाईट निघालं तर माणूस पैसे मागतो आणि विषय संपतो. पण तुमच्या प्रतिनिधीशी आज जे बोलणं झालं ते मी जसंच्या तसं देते. कॉल रेकॉर्ड होतोय असं तुमची टेप आधीच सांगते, ताडून पाहा.

मी सगळं सांगितलं. थर, बुरशी, कोथिंबीर, सामू. पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता, मला वाटलं लिहून घेतायत.

“मॅडम, आपण कुठून बोलताय?”

“सांगली. पावतीवर पत्ता आहे.”

“ओके, सांगली. तिकडे चहा जास्त चालतो ना मॅडम?”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, याचा काय संबंध?

“नाही, म्हणजे झाडांना कॉफीची सवय नसते ना. थोडे दिवस द्या, ॲडजस्ट होतील.”

मी विचारलं, “कोणाला सवय नसते?”

“झाडांना, मॅडम.”

हे गंभीर आवाजात. शेजारी कोणीतरी फस्सकन हसलं, तेही ऐकू आलं. मी म्हटलं, कुजवलेलं आहे असं लिहिलंय, ते कुठे आणि किती दिवस कुजवलं एवढंच सांगा. तर म्हणाले, “मॅडम, घरात गार्डनिंगची माहिती असलेलं दुसरं कोणी आहे का? त्यांना फोन द्या, मी समजावून सांगतो.”

तीस वर्षं गच्चीवर बाग करतेय. दुसरं कोणी म्हणजे कोण? आमच्या घरात दुसऱ्यांना कढीपत्ता आणि कडुनिंब यातला फरक पान चावल्यावर कळतो.

मी वरिष्ठांशी बोलायचंय म्हटलं. बासरी सुरू झाली. बासरी बराच वेळ चालली आणि मग फोन कट. पाठोपाठ मेसेज : ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. आम्हाला 5 स्टार द्या.’ त्याच्या खाली तुमच्याच बुरशीनाशक फवाऱ्यावर 10 टक्के सवलतीचं कूपन. म्हणजे बुरशीही तुमच्याकडून घ्यायची आणि औषधही.

झाडांना चहाची सवय! ज्या जिल्ह्याच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्या तासगावातून द्राक्षं आणि बेदाणा देशभर जातो, तिथल्या मातीत वाढलेल्या माणसाला तुम्ही सांगणार की झाडं ॲडजस्ट होतील. कसबे डिग्रजला हळदीवर काम करणारं संशोधन केंद्र आहे. तिथे नेऊन हे वाक्य म्हणून दाखवा. येण्याजाण्याचं भाडं मी देते.

यापूर्वीच्या फोनला ‘तुम्ही पाणी जास्त घातलं’ असं उत्तर मिळालं होतं, त्याच्या आधी ‘पाणी कमी घातलं’. मी दोन्ही ऐकून घेतलं. फोटो पाठवले, त्यावर अंगठा आला. पिशवी कुठल्या कॉफीची, चिकोरी मिसळलेली आहे का, हे विचारलं तर ‘मॅडम, ते खायचं नाहीये’. नत्र-स्फुरद-पालाशचा एक आकडा पिशवीवर नाही. खत म्हणून विकायचं तर 1985 चा खत नियंत्रण आदेश सेंद्रिय खतालाही लागू आहे, हे तुमच्या कायदा विभागाला विचारा. आणि कुत्र्याच्या पोटात कॅफिन गेलं तर ते विषारी असतं, याची एक ओळ तरी टाका. शेजाऱ्यांचं पिल्लू कुंड्या उकरतं, म्हणून मला पिशवी कपाटात ठेवावी लागली. हे खत आहे.

वाईट याचं वाटतं की तुमची प्यायची कॉफी आमच्याकडे वर्षानुवर्षं येतेय. सासूबाई चहाच्या घरातल्या, त्यांनाही तिची गोडी लागली होती. त्या भरवशावर पिशवी घेतली. दुसऱ्या कोणाची असती तर आधी एका कुंडीत घालून बघितली असती.

मला पुढील गोष्टी हव्यात. पिशवीचे पूर्ण पैसे. ‘पूर्ण कुजवलेलं’ याचा लेखी पुरावा, नसेल तर ते शब्द पिशवीवरून आणि वेबसाइटवरून काढल्याचं पत्र. 2 इंचांचा थर आणि बियांत निम्मं मिसळण्याची सूचना आजच बंद, कारण उद्या आणखी कोणीतरी धणे पेरणार आहे. आणि आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः ऐकल्याचं दोन ओळींत उत्तर. चहाच्या वाक्यासकट.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे मला तुमच्या शहरात खेटे घालायला लागणार नाहीत, तुम्हाला मात्र इकडे यावं लागेल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड लावू शकतं, तेही वाचून ठेवलंय. उरलेली पिशवी सील करून ठेवली आहे, कोथिंबिरीच्या दोन्ही क्रेटचे फोटो आणि पावती सोबत जोडली आहे.

कूपन परत घ्या. फोन करू नका. जे सांगायचं ते ईमेलवर, नाव आणि हुद्द्यासहित.

तुमची ग्राहक,
विश्रामबाग, सांगली