बाइंडिंगवाल्या काकांना, न कापलेल्या कडांबद्दल

रामराम काका,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, पण तुमचा नातू वाचून दाखवेल या भरवशावर लिहितोय.

वही कालपासून उशाशी आहे. आठवीत असताना भुसावळ स्टेशनाबाहेरच्या रद्दीतून किलोवर जुनी इंग्रजी मासिकं आणायचो आणि रेसच्या गाड्या कापून चिकटवायचो, मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीपासून फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीपर्यंत सगळं. घरात कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं, आई सोडून. ती चिकटवायला भाताची शितं द्यायची आणि मी गोष्ट सांगितली की कडेला बॉलपेनने एक ओळ लिहायची.

यंदा पावसात कपाटात पाणी शिरलं. तुमच्याआधी एकाने वही हातातही न घेता सांगितलं, फेका, हे सगळं मोबाइलवर मिळतं. दुसऱ्याने अ‍ॅडव्हान्स घेऊन तीन महिने ठेवली आणि परत दिली तेव्हा 1970 ची लाल-पांढरी पोर्शे 917, ले मान्समध्ये पोर्शेला पहिल्यांदा जिंकून देणारी, सेलोटेपखाली अर्धीच उरली होती. वर म्हणतो, जुन्या गाडीचा फोटो तर आहे, एवढं काय!

तुम्ही मोरचूद घातलेली खळ लावली, पानं सुकवली, ते सगळं झालंच. पण तुम्ही गठ्ठा कटिंग मशीनखाली ठेवला, हँडल धरलं आणि थांबलात. चष्मा कपाळावरून खाली आला. पान 1969 च्या ले मान्सचं, ड्रायव्हर जॅकी इक्सचं. तेव्हा शर्यत सुरू होताना ड्रायव्हरने रस्ता ओलांडून पळत गाडीत बसायचं असायचं, त्या घाईत पट्टा कोण बांधतोय, तर हा पठ्ठ्या निषेध म्हणून चालत गेला, पट्टा नीट बांधला आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. पहिल्याच लॅपला जॉन वुल्फ नावाचा ड्रायव्हर अपघातात गेला, त्याचा पट्टा बांधलेला नव्हता. आणि चोवीस तासांनी इक्स आणि त्याचा जोडीदार ऑलिव्हर यांची फोर्ड जीटी40 मागच्या पोर्शेच्या जेमतेम 120 मीटर पुढे. पुढच्या वर्षापासून ते पळणंच बंद झालं. शेजारी आईने लिहिलंय, "सगळ्यांच्या मागून सावकाश निघाला. तरी जिंकला." त्यातला 'ला' बरोब्बर कडेवर आलाय.

"हाई तुमनी मायनं अक्षर शे का?"

मी मान हलवली.

"मंग कापानं नही."

बस, एवढंच बोललात. सगळ्या कडा वेड्यावाकड्या तशाच ठेवल्यात आणि पुठ्ठाच बोटभर मोठा घेतलात. तुम्हाला ना इक्स माहीत ना ले मान्स, पण समोरच्याला ही वस्तू का लागते हे बघायला ते माहीत असावं लागत नाही, आणि एवढं बघणारी माणसं आता शोधावी लागतात हो.

घरी पुतण्या म्हणाला, काका, कडा तिरप्या राहिल्या की. त्याला ते पान उघडून दिलं.

पोर्शेचं उरलेलं अर्धं रद्दीत शोधतोय, सापडलं की येतोच. त्या दिवशी चहाचे पैसे तुम्ही देऊ दिले नव्हते, ते लक्षात आहे.