बेस गिटारसाठी एकच कॅबिनेट घ्यायचं असेल तर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती-नवरात्रापासून दिवाळी पहाटेपर्यंतचा काळ म्हणजे आम्हा वादकांची सुगी. याच दिवसांत नव्याने वाजवायला लागलेली मुलं, कधी कधी त्यांचे आईवडीलसुद्धा, एक प्रश्न हमखास विचारतात : बेस गिटारसाठी एकच स्पीकर कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेला बॉक्स, घेणं परवडणार आहे, तर कोणतं घ्यावं? दुकानात त्यांच्यापुढे वॉट आणि इंच यांचे आकडे टाकले जातात आणि मुलगा सगळ्यात मोठा बॉक्स बघून हरखतो. रक्कम मोठी असते. म्हणून ठाणे-कल्याणच्या ऑर्केस्ट्रांत बेस वाजवण्यात उमर गेलेल्या माणसाचं मत आपल्या वाचकांपर्यंत जावं असं वाटतं.

माझं उत्तर असं : १२ इंची दोन स्पीकरचं, ८ ओहमचं (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप, त्याबद्दल पुढे), हलक्या निओडिमियम मॅग्नेटचं, उभं करून ठेवता येणारं, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला एकट्याला जिना चढवता येईल एवढ्याच वजनाचं कॅबिनेट घ्या.

मोठ्या कॅबिनेटचं वेड कुठून आलं तेही सांगतो. १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी हा ३०० वॉटचा व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर काढला. त्याच्याबरोबरचं १० इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट पुढे जगभरच्या स्टेजवर दिसू लागलं. त्या काळी सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून प्रामुख्याने गायकाचा आवाज जात असे. बेसवाल्याला आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बॉक्समधूनच न्यावा लागे, त्यामुळे एवढा पसारा तेव्हा गरजेचा होता. आज त्याच घराण्यातलं कॅबिनेट ६३ किलोंच्या वर भरतं. आता मात्र साध्या मैदानातल्या कार्यक्रमालाही साउंडवाला सब (खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर) लावतो, डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) बेसची लाइन थेट मिक्सरला घेतो आणि प्रेक्षकांपर्यंत पोचवतो. स्टेजवरच्या कॅबिनेटने वादकाला, ड्रमरला आणि शेजारच्या की-बोर्डवाल्याला नीट ऐकू आलं की त्याचं काम झालं.

‘पण छोट्या बॉक्समधून खालचे सूर येतील का?’ ही शंका प्रत्येक जण काढतो. बेसची सगळ्यात जाड ई तार साधारण ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनांना) बोलते. आठ स्पीकरच्या त्या नामांकित कॅबिनेटचा आवाज मात्र कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलने उतरलेला असतो आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलने. म्हणजे ज्या घनगंभीर आवाजावर पिढ्या भाळल्या, त्यात ४१ चा मूळ सूर क्षीणच आहे. त्याच्यावरचे, दुप्पट-तिप्पट कंपनांचे, ८२ आणि १२३ हर्ट्झचे स्वरांश ठळक मिळाले की खालचा सूर आपला कान स्वतः भरून काढतो. माझ्या मते स्टेजवर हाच पट्टा स्वच्छ हवा. त्याखालचं सगळं सबवर सोडून द्यावं. पाच तारांचा (ईच्याही खालची तार असलेला) बेस असेल, तर अँप्लिफायरवर खालचे स्वर कापणारा हाय-पास फिल्टर आहे ना, एवढं पाहा. स्पीकरचं आयुष्य वाढतं.

१५ इंची एक स्पीकर म्हणजे जास्त खोल आवाज, हा समजही फार पक्का बसलेला आहे. व्यासांचा वर्ग करून पाहा : १५ चे २२५, तर दोन १२ चे मिळून २८८. हवा ढकलणारा पृष्ठभाग दोन १२ चाच जास्त. शिवाय खोली ठरते ती बॉक्सचं आकारमान, त्याचं ट्यूनिंग (तो कोणत्या स्वराला घुमतो) आणि स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, किती पुढेमागे जाऊ शकतो यावर. वॉटच्या आकड्यालाही भुलू नका. ३०० चे ६०० वॉट केले तर मिळतात फक्त ३ डेसिबल. १ वॉटला १ मीटरवर कॅबिनेट किती डेसिबल देतं, तो आकडा आधी विचारा. तिथे ३ डेसिबल जास्त असतील, तर तेवढ्याच आवाजासाठी निम्मा अँप्लिफायर पुरतो.

उभं ठेवण्याचा आग्रह अनुभवातून आलेला आहे. स्पीकर शेजारी-शेजारी असले की वरचे स्वर आडव्या दिशेने सारखे पसरत नाहीत, बाजूच्या वादकाला नुसता घुम्म ऐकू येतो. एकावर एक असले की रुंदीत सगळ्यांना साधारण सारखं ऐकू येतं आणि वरचा स्पीकर आपल्या कानाच्या जवळ येतो. जमिनीलगतचा बॉक्स गुडघ्यांना ऐकवतो, मग वादक आवाज वाढवतो, मग ड्रमर जोरात वाजवतो, गायक मॉनिटर (स्वतःचं ऐकायचा स्पीकर) मागतो. आपल्या नाट्यगृहांचे रंगमंच बहुतेक लाकडी, आतून पोकळ. खाली जाड फोम टाका, फळ्या कमी घुमतील.

या सदरात आवाजाच्या त्रासाची पत्रं नेहमी येतात आणि त्यात धडधडणाऱ्या बेसचा उल्लेख असतो. ती तक्रार मला रास्त वाटते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि खालचे स्वर भिंती सहज ओलांडतात. वादकाला स्वतःचं नीट ऐकू आलं तर स्टेजवरचा आवाज आपोआप खाली येतो.

आता ओहम. आजचे हलके क्लास-डी अँप्लिफायर बहुधा खाली ४ ओहमपर्यंत चालतात, आणि ओहम जितके कमी तितकी त्यांची ताकद जास्त. ८ ओहमचं एक कॅबिनेट लावलं तर पूर्ण ताकद मिळत नाही, पण फरक ३ डेसिबलच्या आतबाहेर. त्या बदल्यात उद्या मित्राचं दुसरं ८ ओहमचं जोडता येतं, दोन्ही मिळून ४ होतात. जोडायला स्पीकॉनची (फिरवून घट्ट बसणाऱ्या जोडणीची) स्पीकर केबलच वापरा. गिटारची केबल तिथे चालत नाही.

खरेदीच्या दिवशी ड्रमरला बरोबर न्या. एकट्याने वाजवताना जे कॅबिनेट मखमली वाटतं, ते ड्रमसमोर पार हरवतं. लांब केबल लावून पाच-सहा पावलं दूर उभे राहा, ई तार जोरात छेडा, आवाज फाटतो का पाहा. मग कॅबिनेट उचलून दुकानाच्या दारापर्यंत नेऊन बघा. वाद्यविक्रेत्यांना माझी एवढीच विनंती आहे की या मुलांना त्यासाठी अर्धा तास आणि एक ड्रमसेट मिळू द्या.

आपला,
एक बेस गिटारवादक, ठाणे